मामंजींचे प्रायव्हेट नंबर

कात्री हातातून पडली तेव्हा मी कात्रीलाच शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा पडली तेव्हा माप द्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "वैशालीताई, आधी चहा घ्या तुम्ही." दोन दिवस तळपायांना मुंग्या येत होत्या. आठवड्यापूर्वी पोट बिघडलं होतं, त्याचाच अशक्तपणा असणार, असं मी ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा, ठरवायचं आणि मशीनवर बसायचं. लग्नाचे अकरा ब्लाउज कापून पडले होते. मुंग्यांकडे कोण बघतंय!

तिसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेले तर गुडघे दुसऱ्याच कुणाचे. मोरीच्या उंबऱ्यावर पाय उचलेना. मी तिथंच खाली बसले आणि "प्रकाश!" म्हणून अशी ओरडले की चिन्नी दचकून जागी झाली. प्रकाश माझा नवरा, चिन्नी आमची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. नवऱ्यानं मला उचलून रिक्षात घातलं. मागून सासरे, म्हणजे मामंजी, माझ्या चपला हातात घेऊन आले. त्या पायांत चपला घालून मी कुठं जाणार होते, ते त्यांनाच ठाऊक.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. मग तो प्रकाशला घेऊन बाहेर चालला, तशी मी म्हणाले, "इथंच सांगा. पाय माझे आहेत." त्यानं सांगितलं. जीबीएस नावाचा आजार, शरीराचं सैन्य चुकून स्वतःच्याच नसांवर उलटतं. बहुतेक लोक बरे होतात. पण आधी वाढेल, मग थांबेल, मग हळूहळू उतरेल. किती वाढेल ते आज सांगता येत नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातून मामंजी म्हणाले, "आधी वाढणार. मग थांबणार. मग उतरणार. बरोबर का, डॉक्टर?"

"बरोबर."

"किती, ते आज सांगता येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

मला असा संताप आला म्हणून सांगू! माझे पाय गेलेत आणि हे गृहस्थ शाळेतल्यासारखी उजळणी करतायत.

अर्धा किलो रवा

हे मी का लिहितेय ते आधी सांगते. फिजिओथेरपीच्या खोलीत एका पेशंटची बायको भेटली. तिच्या नवऱ्याला हाच आजार, गळ्यात नळी, बोलणं बंद. तिनं मला विचारलं, "तुमचं बोलणं बंद होतं तेव्हा तुम्हाला काय हवं होतं?" मी तिला तोंडी सांगितलं, पण ते अर्धवट राहिलं. ते पुरं सांगायचं तर मामंजींबद्दल सांगावं लागतं. ते जाऊन आता सात महिने झाले.

मी मिरजेची. लग्न होऊन म्हैसूरला आले त्याला आता सतरा वर्षं होतील. सासरची मंडळी इथलीच. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथलेच होऊन राहिले. घरात मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. मामंजींनी मला पहिल्याच दिवशी 'वैशालम्मा' करून टाकलं. मला वाटलं चेष्टा करतायत. नंतर कळलं, हा मान आहे.

मामंजी रेल्वेत गेटमन होते. चामराजनगरच्या लाईनवरचं एक फाटक त्यांनी एकवीस वर्षं सांभाळलं. रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी फाटक त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. मी म्हणायचे, "मामंजी, वाण्याकडून अर्धा किलो रवा आणि खोबरेल तेल आणा." ते पिशवी घेऊन दारात उभे राहायचे. "अर्धा किलो रवा. खोबरेल तेल. बरोबर?" मी 'हो' म्हणेपर्यंत पाऊल बाहेर टाकायचे नाहीत. हातात पीठ, गॅसवर दूध, आणि हे दारात. मी वैतागून म्हणायचे, "रवा आहे तो मामंजी, मालगाडी नाही!" ते शांतपणे म्हणायचे, "आयतु, आयतु," म्हणजे झालं, झालं. आणि जायचे.

चिन्नीला मात्र त्यांची ही पद्धत म्हणजे खेळ. त्यांनी तिला सगळं शिकवलं होतं. स्टेशन मास्तर फोनवर निरोप देणार, अमुक गाडी सुटतेय, फाटक बंद कर. गेटमननं तो निरोप शब्दाला शब्द परत म्हणायचा. मग फाटक बंद करायचं. खरोखर बंद झालं की आपल्याजवळच्या कागदावरचा एक नंबर मास्तरला सांगायचा. तो प्रायव्हेट नंबर. एकदा वापरला की त्यावर काट. नंबर दिला म्हणजे निरोप घेतला, आता शब्द फिरवायचा नाही. त्यानंतरच सिग्नल पडणार. आजोबा आणि नात दोन खोल्यांत बसून रिकाम्या डब्यांतून फोन करायचे. "ताता, म्हैसूर पॅसेंजर सुटली!" "म्हैसूर पॅसेंजर सुटली. फाटक बंद. प्रायव्हेट नंबर एकेचाळीस!" दुपारी डोळा लागायचा आणि हा धिंगाणा. मी कितीदा तरी ओरडले असेन.

छत आणि खिडकी

चौथ्या दिवशी श्वास अपुरा पडायला लागला. आयसीयूत नेलं, तोंडातून नळी घातली, पुढं ती गळ्याला भोक पाडून बसवली. हात गेले. चेहराही गळाला, पापण्या अर्ध्याच मिटायच्या. राहिल्या फक्त डोळ्यांच्या बाहुल्या. त्या फिरायच्या.

आणि कान. हे नातेवाइकांनी नीट ऐकावं. मला सगळं ऐकू येत होतं. सगळं. एक बाई माझ्या उशाशी उभी राहून म्हणाली, "अय्यो पाप, तिला काही कळत नाहीये ते एक बरंय." मी बरी झाल्यावर तिचा ब्लाउज शिवला, पण हातोपे जरा घट्टच ठेवले.

भीती म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मरणाची नाही एवढी. आपण आत बसलोय आणि बाहेरचे सगळे भलत्याच माणसाशी बोलतायत, याची. माझी आई मिरजेहून आली. ती कपाळाला अंगारा लावायची, विचारायची, "थंडी वाजतेय का गं?" आणि स्वतःच "वाजतेय, वाजतेय" म्हणून पांघरूण घालायची. मला उकडत असायचं. प्रकाश कारखान्याची शिफ्ट संपवून यायचा. "काय हवंय? पाणी? दुखतंय? चादर?" असं एका दमात विचारायचा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी बघून स्वतःच रडायला लागायचा. जीव होता त्याचा माझ्यावर, पण एका दमात चार प्रश्नांना डोळे काय उत्तर देणार?

दोन दिवस माझ्या पाठीला काहीतरी टोचत होतं. दोन दिवस! नर्स विचारायची, "पेन? पेन?" आणि दुखण्याचं इंजेक्शन द्यायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला, भेटायच्या वेळेत, पडद्यापलीकडे खोकल्याचा आवाज आला. घरात मामंजी स्वयंपाकघरात येण्याआधी असेच खोकायचे, सुनेला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. मी त्यांच्यासमोर कधी पाय पसरून बसले नव्हते. आता सगळं उघडंवाघडं पडलेलं, आणि ते बाहेरून नर्सला सांगतायत, "सुनेची चादर स्वल्प नीट करा, मग मी येतो."

आले. स्टूल ओढून अशा जागी बसले की मान न वळवता मला त्यांचा चेहरा दिसावा. हे तोवर कुणाला सुचलं नव्हतं. म्हणाले, "वैशालम्मा, हो असेल तर छताकडे बघ. नाही असेल तर खिडकीकडे. निधाना सांग. मला घाई नाही, रिटायर माणूस आहे."

खिडकीतून चामुंडीच्या डोंगराचा एक तुकडा दिसायचा. तर डोंगर म्हणजे नाही.

"दुखतंय?" डोंगर.

"टोचतंय?" छत.

"टोचतंय. बरोबर?" छत.

"डोक्याला?" डोंगर. "पाठीला?" छत. "उजवीकडे?" डोंगर. "मग डावीकडे. बरोबर?" छत.

त्यांनी नर्सला आणि आयाला बोलावलं. दोघींनी मला कुशीवर केलं. डाव्या खांद्याखाली एक बटण निघालं. माझ्याच अंगातल्या दवाखान्याच्या झग्याचं. कुणी लावलं होतं देव जाणे, चार टाके धड नव्हते. मामंजींनी ते बटण माझ्या डोळ्यांसमोर धरलं. मग खिशातून एक छोटी डायरी काढली. तिच्यात त्यांनी आदल्या दिवशी बसून नंबरांच्या रांगा लिहून आणल्या होत्या. एका नंबरावर काट मारली आणि फोनवर बोलावं तसं स्पष्ट म्हणाले, "प्रायव्हेट नंबर चौदा."

नर्सला काही कळलं नाही. मला मात्र आठ दिवसांत पहिल्यांदा वाटलं की मी या खोलीत आहे.

त्या पेशंटच्या बायकोला मी हेच सांगितलं. एका वेळी एकच प्रश्न विचारा. 'पाणी हवंय की चादर?' असं विचारू नका, त्याला हो म्हणता येत नाही. उत्तराची वाट बघा. आणि तुम्हाला काय समजलं ते परत म्हणून दाखवा. तुम्ही किती प्रेम करता ते नंतर बघू.

चिन्नीची गाडी

आठवडाभरानं घरात ठरलं की चिन्नीला मला भेटवायचं. आईचं म्हणणं, लेक बघून मला उभारी येईल. प्रकाशनं डॉक्टरांची परवानगीही काढली. माझ्यासमोरच बोलणं चाललं होतं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ, तिलाही भेटायचंय," असं प्रकाश म्हणाला.

मला नव्हतं भेटायचं. गळ्यात नळी, तोंड वाकडं, केसांचं शिप्तर. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात आई अशी बसू नये, एवढंच मला त्या वेळी जगात हवं होतं.

चारला खोकला आला. "चिन्नीला आणायचं?" डोंगर. "चिन्नीला आणायचं नाही. बरोबर?" छत. "प्रायव्हेट नंबर एकोणतीस."

बाहेर बापलेकाचं जोरात वाजलं. काचेतून आवाज येत होता. "अप्पा, ती आई आहे तिची!" आणि मामंजींचं एकच, "मी दोनदा विचारलं. नंबर दिलाय."

चिन्नी दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. तिला वाटलं ताताच नेत नाहीत. आईनं नको म्हटलं, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. सगळा राग स्वतःवर घेतला. आणि दुसऱ्या दिवसापासून मला रोज चारला तिचा रिपोर्ट मिळायला लागला.

"चिन्नी सात चाळीसला शाळेला सुटली. पाच मिनिटं लेट. कारण, एक मोजा सापडेना. टिफिन अर्धा परत. वेण्या मी घातल्या, एक वर एक खाली झाली, पोरींनी चिडवलं. उद्या सुधारतो."

ते खरोखर शिकत होते. शेजारच्या बाईकडून मांडीवर सुतळीचे तीन पदर घेऊन. सत्तरी ओलांडलेला माणूस. फाटकाला वंगण लावून लावून काळी झालेली बोटं. चौथ्या दिवशी रिपोर्टात आलं, "दोन्ही वेण्या समपातळीत." त्या दिवशी मला हसायचं होतं. चेहरा हलत नव्हता, पण मी छताकडे बघितलं, न विचारता.

"बघितलं," मामंजी म्हणाले. "नंबर देऊ का याला?"

न घेतलेला निरोप

तो दिवस मी लपवणार नाही. तिसरा आठवडा संपत आला होता. आजार थांबला होता, पण उतरत नव्हता. पलीकडच्या पलंगावरची बाई सकाळी गेली. तिची चादर काढून नेली, गादी पुसली, नवी चादर घातली. मी छताकडे बघत पडून राहिले.

मामंजी आले. रिपोर्ट दिला. मग माझ्याकडे नीट बघितलं.

"कंटाळलीस?" छत.

"घरी यायचंय?" मी कुठंच बघितलं नाही.

त्यांनी स्टूल जवळ ओढलं. मग अगदी हळू विचारलं, "सोडून द्यावं असं वाटतंय?"

छत.

"सोडून द्यावं वाटतंय. बरोबर?"

छत.

मी नंबराची वाट बघत होते. खरंच बघत होते. मामंजींनी डायरी मिटून खिशात घातली.

"हा निरोप मी घेतला नाही," ते म्हणाले. "याला नंबर नाही. उद्या परत विचारतो."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका दुपारी मास्तरचा फोन आला. मालगाडी सुटली. मामंजींनी निरोप परत म्हटला आणि सवयीनं नंबरही देऊन टाकला, फाटक बंद व्हायच्या आधीच. होईलच की एवढ्यात. तेवढ्यात उसानं भरलेली बैलगाडी मध्ये शिरली आणि तिचं चाक रुळांत रुतलं. गाडीवान, त्याची बायको, वर बसलेली पोरं. मामंजी लाल झेंडी घेऊन रुळांतून पळत सुटले. मालगाडी थांबली, पण इंजिन आणि बैल यांच्यात एका घराएवढंच अंतर राहिलं होतं.

"बंद होईल म्हणून बंद झालं म्हणालो," ते म्हणाले. "तेव्हापासून खरं झाल्याशिवाय नंबर देत नाही. आणि निरोप जड असला तर तीन दिवस विचारतो. तिन्ही दिवशी एकच आला तर घेतो. तुझा पण घेईन, वैशालम्मा. शब्द देतो. पण उद्या आणि परवा विचारू दे."

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. कुणीतरी मला 'असं बोलू नये' म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. छत. "घेतला नाही," ते म्हणाले आणि चिन्नीचा रिपोर्ट द्यायला लागले. तिनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर माझं चित्र काढलं होतं, मशीनवर बसलेली, हाताला आठ बोटं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी छताकडे बघायला गेले आणि ती आठ बोटं आठवली. मी डोंगराकडे बघितलं.

"सोडायचं नाही. बरोबर?"

छत.

"प्रायव्हेट नंबर बावन्न!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की नर्स धावत आली. काट वेडीवाकडी आली. ती अजून डायरीत तशीच आहे.

उतार

पुढचं लवकर सांगते, कारण बरं होणं फार कंटाळवाणं असतं. आधी खांदा हलला. मग उजव्या हाताचा अंगठा. नळी निघाली आणि माझा पहिला शब्द घोगरा, बेडकासारखा, "चिन्नी" असा आला. आता तिला आणा म्हटलं. ती आली, माझ्या गळ्याच्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, "ताता म्हणाले तू टाइमावर येशील." मग पलंगावर चढून पायाशी बसली, माझ्या पायांवर हात ठेवून.

घरी आले ती चाकाच्या खुर्चीवर. प्रकाशनं दोन महिने बिनपगारी रजा काढली, त्यावरून आमची भांडणं झाली. आजारपणात नवरा-बायको भांडत नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मामंजी रोज सकाळी नाचणीची अंबील करून फुंकर घालून पेला समोर ठेवायचे आणि तोंड फिरवून बसायचे, सून सांडत-लवंडत पिते ते दिसू नये म्हणून. पहिलं बटण मी साडेपाच महिन्यांनी लावलं. ते दवाखान्यातलंच बटण, मामंजींनी जपून ठेवलेलं. चार टाके, चारही धड.

डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. सुई टोचली तर रक्त दिसल्यावर कळतं. पण मी पुन्हा शिवते.

मी काठीशिवाय चालले त्या दिवशी मामंजींनी ती डायरी मला दिली. मी म्हटलं, "आता कशाला? मला बोलता येतंय." ते म्हणाले, "ठेव. कागद संपलेला नाही."

चारचा रिपोर्ट

दोन वर्षं गेली. मग मामंजींना झटका आला. पहिला लहान होता, दुसऱ्यानं उजवी बाजू आणि वाचा दोन्ही नेली.

शेवटचे अकरा दिवस ते घरी होते. मागच्या खोलीत, खिडकीशी, जिथून चामराजनगरच्या लाईनचा आवाज येतो. चिन्नी शाळेतून आली की दप्तर न काढता त्यांच्या खाटेपाशी उभी राहायची. "ताता, चिन्नी सात चाळीसला सुटली. टाइमावर. टिफिन पूर्ण." टिफिन पूर्ण नसायचा, डबा मीच धुवायचे, मला माहीत आहे. बाराव्या दिवशी सकाळी, तिच्या वेण्या घालून होईपर्यंत ते गेले. अस्थी आम्ही टी. नरसीपूरच्या संगमात सोडल्या. चिन्नी घाटावर माझ्या पाठीला पाठ लावून बसून होती आणि फार रडली. मीही रडले. मला वडील गेल्यावर एवढं रडू आलं नव्हतं.

पण ते घरी कसे आले, ते सांगायचं राहिलं. आणि खरं तर तेच सांगायचं होतं.

तोच दवाखाना, वरचा मजला. डॉक्टर म्हणाले, नळी घालू, मशीनवर ठेवू, काही आठवडे मिळतील, कदाचित जास्त, पण बोलतील-चालतील अशी आशा मी देत नाही. प्रकाशनं बेंगळुरूची अॅम्ब्युलन्स ठरवायला घेतली. तिथं मोठे डॉक्टर आहेत. मुलगा होता तो, त्याचं काय चुकलं? मी एवढंच म्हटलं, "त्यांना विचारू या."

"कसं विचारणार? अप्पांना काही कळत नाहीये."

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं फोन खिशात घातला.

दुपारी चारला मी पडद्याबाहेर उभी राहून खोकले. मग आत गेले. स्टूल ओढून त्यांना दिसेल अशी बसले. खिडकी या वेळी उजवीकडे होती, डोंगर दिसत नव्हता, नुसतं आभाळ.

"मामंजी, छत म्हणजे हो. खिडकी म्हणजे नाही. निधाना सांगा. मला घाई नाही."

त्यांची डावी पापणी हलली.

"बेंगळुरूला जायचं?" खिडकी. "नळी घालायची?" खिडकी. "घरी?" छत. "घरी जायचं. बरोबर?" छत.

मी उठले. "हा निरोप मी घेतला नाही. उद्या परत विचारते."

दुसऱ्या दिवशी विचारलं. तेच उत्तर. "घेतला नाही." प्रकाश दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं अॅम्ब्युलन्सवाल्याला फोन केला आणि एक दिवस थांबायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी तो पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. मी सगळं पुन्हा विचारलं, एकेक करून, कुठं तरी खिडकीऐवजी छत येईल या आशेनं. आलं नाही.

"घरी जायचं. नळी नाही, मशीन नाही. चिन्नीजवळ. बरोबर?"

छत.

मी म्हटलं, "कळलं, मामंजी."

त्यांनी डोळे माझ्यावर आणले आणि तिथंच ठेवले. छताकडे नाही, खिडकीकडे नाही, माझ्याकडे. मी विचारलं, "पाणी?" खिडकी. "टोचतंय?" खिडकी. आणि पुन्हा माझ्याकडे. मला माहीत होतं त्यांना काय हवंय. डायरी माझ्या पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती. पण हात उठेना. आजारात गेला होता तसा गेला होता. एकदा तो नंबर दिला की झालं, मग शब्द फिरवता येत नाही.

मागून प्रकाशचा आवाज आला.

"अगं, नंबर दे त्यांना. ते थांबलेत."

मी डायरी उघडली. बावन्नवरच्या त्या वेड्यावाकड्या काटेच्या पुढं बऱ्याच काटा होत्या, आणि मग मोकळे नंबर. पहिला मोकळा बघितला. फोनवर बोलावं तसं स्पष्ट बोलायचं होतं, पण पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा म्हटलं.

"प्रायव्हेट नंबर अडुसष्ट."

मामंजींनी छताकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि झोपले, दुपारचे घरी झोपायचे तसे.

प्रकाशनं माझ्या हातातून पेन घेतलं, अडुसष्टवर काट मारली आणि घरी न्यायला गाडी बघायला खाली गेला.